टीप एक, हिशेब दुसरा

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींचा स्वतःचा असा एक विनोद आहे. बाहेरच्या माणसाला तो सहसा कळत नाही, आणि कळला तरी यात हसण्यासारखे काय, असा प्रश्न पडतो. उदाहरणार्थ हा पाहा. एखादी वस्तू उपलब्ध आहे की नाही, हे सांगणारा आज्ञावलीतला एक छोटासा भाग. त्याच्या डोक्यावर शेरा लिहिलेला : 'हा भाग नेहमी होकार देतो.' त्याखाली प्रत्यक्ष आज्ञा एकच : 'नकार कळव.' विनोद इथे संपला. प्रोग्रॅमर यावर पोट धरून हसतात. ज्याची उमर सरकारी फायली वाचण्यात गेली आहे, त्याला मात्र हसता हसता ठसका लागतो. कारण असा शेरा आणि अशी आज्ञा यांची गाठ त्याला अनेकदा पडलेली असते.

ज्या वाचकांचा या व्यवसायाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण करतो. आज्ञावलीत दोन प्रकारचा मजकूर असतो. एक संगणकासाठी : ही रक्कम त्या रकमेत मिळव, ही तारीख त्या तारखेशी ताडून पाहा, वगैरे. दुसरा माणसांसाठी : ही बेरीज कशासाठी, ही तारीख कोणत्या नियमातून आली, वगैरे. या दुसऱ्या मजकुराला 'कमेंट' म्हणतात. आपण टीप म्हणू. टिपेच्या आरंभी एक ठरावीक चिन्ह असते. ते दिसले की संगणक तेवढा मजकूर ओलांडून पुढे जातो. तो टीप वाचतच नाही. माणसाचे बरोबर याच्या उलट. तो टीप वाचतो, कारण ती त्याच्या भाषेत असते. आणि खालच्या किचकट आज्ञा बहुधा ओलांडून पुढे जातो. पान एकच, वाचक दोन, आणि दोघेही पानाचे निरनिराळे भाग वाचणारे. या व्यवसायातला बराचसा विनोद आणि बरेचसे नुकसान या एका वस्तुस्थितीतून निघते.

घरापासून दूर बंगळूर, हैदराबाद किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांत निदान एक तरी जण या व्यवसायात असतोच. त्याला विचारून पाहा. तो असे डझनभर नमुने सांगेल. 'हे कधीच घडणार नाही' अशी टीप, आणि तेच दररोज घडत असल्याची यंत्राने ठेवलेली नोंद. 'तात्पुरती दुरुस्ती' अशी टीप, आणि तिच्याखाली लिहिणाऱ्याच्या निवृत्तीनंतरची तारीख उजाडली तरी चालू असलेली आज्ञा. 'सात' असे नाव दिलेली संख्या, जिची किंमत दहा आहे. आपल्याकडे 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणतात, त्यातलाच प्रकार. आणखी एक नमुना सर्वांच्या ओठी असतो. एका अगम्य भागाच्या वर कोणीतरी लिहून ठेवले आहे : हे लिहिले तेव्हा याचा अर्थ देवाला आणि मला ठाऊक होता, आता फक्त देवाला ठाऊक आहे, हे सुधारायला जाल आणि हरून परत याल, तेव्हा वाया गेलेल्या तासांचा खालचा आकडा तेवढा वाढवून ठेवा. या टिपेला मी प्रामाणिक म्हणेन. ती हसवते, पण फसवत नाही.

'तात्पुरती' या शब्दाचे सर्वांत उंचीवर पोहोचलेले उदाहरण चंद्राचे आहे. जुलै १९६९मध्ये अपोलो ११चे अवतरणयान ज्या आज्ञावलीच्या आधाराने चंद्रावर उतरले, तिच्यात अवतरणाचे गणित करणाऱ्या भागात लागोपाठच्या दोन ओळींशेजारी लिहिणाऱ्याने नोंदवले होते की हे तात्पुरते आहे, आणि पुढे 'अशी आशा आहे' यातला आशा हा शब्द तीनदा गिरवला होता. आशा फळली नाही. त्या ओळी तशाच चंद्रावर गेल्या. ही आज्ञावली २०१६मध्ये गिटहबवर सर्वांना सहज पाहता येऊ लागली, तेव्हा जगभरच्या प्रोग्रॅमरांना ही तीनपदी आशा वाचून आपल्या बिरादरीतला माणूस भेटल्यासारखे झाले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात आश्चर्य वाटत नाही. ब्रिटनमध्ये १८४२ साली रॉबर्ट पीलने प्राप्तिकर पुन्हा सुरू केला, तो तीन वर्षांपुरता म्हणून. कायद्याच्या दृष्टीने तो तिथे आजही वार्षिक कर आहे. दरवर्षी ५ एप्रिलला त्याची मुदत संपते आणि दरवर्षी संसद तो नव्याने बसवते. आपल्याकडे १८५७नंतरची तूट भरून काढण्यासाठी जेम्स विल्सनने १८६०मध्ये प्राप्तिकर आणला, तो पाच वर्षांसाठी. आणि नवल असे की १८६५मध्ये तो खरोखरच संपला. पुढे नाना रूपांनी येत-जात १८८६च्या कायद्याने तो कायमचा वस्तीला आला, ही गोष्ट वेगळी. 'तात्पुरते' ही टीप सहसा खोटेपणाने लिहिलेली नसते. लिहिताना ती खरी असते. ती काढण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला दिलेले नसते.

टीप खोटी नसूनही वाचणाऱ्याची दिशाभूल कशी होते, याचे प्रसिद्ध उदाहरण युनिक्स या कार्यप्रणालीचे आहे. १९७५च्या सहाव्या आवृत्तीत, एक काम थांबवून दुसरे सुरू करण्याच्या नाजूक जागी एक टीप होती. तिचा आशय असा की हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी विद्यार्थ्यांसाठी त्या साऱ्या आज्ञावलीवर भाष्य लिहिले आणि ते हातोहाती जगभर गेले. त्याबरोबर ही टीपही गेली. वाचणाऱ्यांना तिच्यात पंडिताचा तोरा दिसला. युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक, डेनिस रिची, यांनी पुढे खुलासा केला की वर्गात शिक्षक 'हे परीक्षेला येणार नाही' म्हणतात, त्या भावनेने ते लिहिले होते. पण त्यांनी त्याहून मोलाची दुसरी गोष्ट सांगितली. खरी अडचण अशी होती की तिथे काय चालले आहे हे कर्त्यांनाही पुरते उमगलेले नव्हते. ती युक्ती एका विशिष्ट यंत्रावर, त्याच्या एका विशिष्ट सवयीमुळे चालत होती. दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर नेताच ती मोडली. टिपेतला 'तुम्हाला' हा शब्द अपुरा होता. तिथे 'आपल्याला' हवे होते.

इथपर्यंत हसण्यावारी नेण्यासारखे आहे. यापुढचे नाही.

लिनक्सच्या डेबियन या वितरणात २००६मध्ये एक बदल झाला. गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीत दोन ठिकाणी अगदी सारखी दिसणारी ओळ होती. तपासणीचे एक साधन त्या ओळींबद्दल तक्रार करी. दोहोंपैकी एका ओळीशेजारी, एक तपासणीसाधन इथे कुरकुर करते एवढीच टीप होती. दुसरीशेजारी काहीच नव्हते. ओळ कशासाठी आहे हे दोन्हीकडे लिहिलेले नव्हते. देखभाल करणाऱ्याने तक्रार मिटावी म्हणून दोन्ही ओळी निकामी केल्या, म्हणजे त्यांच्यापुढे टिपेचे चिन्ह घालून आज्ञेची टीप करून टाकली. टीप असलेली ओळ गेली त्याने फारसे बिघडले नाही. टीप नसलेली ओळ मात्र किल्लीत यादृच्छिकता मिसळणारी होती. ती गेल्यावर किल्ली ठरवायला उरला फक्त त्या वेळच्या प्रक्रियेचा क्रमांक, आणि त्याच्या शक्यता अवघ्या ३२,७६८. म्हणजे अब्जावधी कुलपे असल्याचा समज, आणि प्रत्यक्षात एका लहानशा जुडग्यातल्या किल्ल्या. हे उघडकीस आले मे २००८मध्ये. जवळजवळ दोन वर्षे डेबियनवर आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूवर तयार झालेल्या किल्ल्या रद्द करून नव्याने कराव्या लागल्या.

दुसरे उदाहरण ४ जून १९९६चे. युरोपचे एरियन ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात, सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतली आज्ञावली एरियन ४वरून उचललेली होती. त्यात एक मोठी संख्या लहान जागेत बसवण्याची क्रिया होती. अशा सात संख्यांपैकी चार संख्यांना संरक्षण दिले होते, तीन तशाच ठेवल्या होत्या. कारण एरियन ४च्या मार्गावर त्या कधीच इतक्या मोठ्या होणार नाहीत, असा हिशेब होता. एरियन ५ अधिक वेगाने आडवे सरकले, तिघींपैकी एक संख्या मावली नाही आणि यंत्रणा बंद पडली. चौकशी समितीने एक निरीक्षण नोंदवले, ते प्रत्येक प्रशासकाने लक्षात ठेवावे असे आहे : संरक्षण न देण्याचा निर्णय सर्व भागीदारांनी मिळून घेतला होता, पण त्याचे कारण प्रत्यक्ष आज्ञावलीत कुठेही सापडले नाही. कागदपत्रांच्या ढिगात ते कोणाच्याही दुष्ट हेतूशिवाय झाकले गेले. खोटी टीप जेवढी घातक, तेवढीच हवी त्या जागी नसलेली टीपही.

आता आपल्या कार्यालयाकडे वळू. सरकारी फाईलचे दोन भाग असतात, टिप्पणीचा आणि पत्रव्यवहाराचा. टिप्पणीत कारणमीमांसा होते, मतभेद होतात, सह्या होतात. बाहेर जातो तो आदेश. नागरिकाला बांधतो तो आदेशच. फाईलवर कोणी काय लिहिले ते आदेशरूपाने संबंधिताला कळवले जात नाही तोवर सरकारचा निर्णय ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बच्छित्तर सिंग प्रकरणात १९६२ सालीच सांगितले आहे. कायद्याच्या पुस्तकातही हीच विभागणी आहे. कलमाच्या शेजारचा मथळा कलमाच्या स्पष्ट शब्दांवर मात करू शकत नाही. विधेयकाला जोडलेले उद्देश व कारणांचे निवेदन पार्श्वभूमी समजण्यापुरते. कलमाचा अर्थ कलमातून काढायचा. न्यायालये याबाबतीत संगणकासारखी वागतात, आणि ते योग्यही आहे.

पण आपल्याकडे याच्या उलटा प्रकारही आहे, जो प्रोग्रॅमरांना सांगितला तर त्यांना मत्सर वाटेल : टिपेचा वेष घेतलेली आज्ञा. 'शंकानिरसनार्थ याद्वारे स्पष्ट करण्यात येते की' अशी सुरुवात असलेले स्पष्टीकरण कायद्यात घातले जाते. दिसायला ती समजूत घालणारी टीप. पण ती कायद्याचा भाग असते आणि पूर्वलक्षी परिणामही घडवू शकते. जानेवारी २०१२मध्ये व्होडाफोन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने करआकारणीच्या विरुद्ध निकाल दिल्यावर त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्याच्या नवव्या कलमात अशीच स्पष्टीकरणे घातली आणि ती १ एप्रिल १९६२पासून लागू केली. त्या पूर्वलक्षी मागण्या मागे घेण्यासाठी २०२१मध्ये पुन्हा संसदेला कायदा करावा लागला. धोरण म्हणून त्याचे समर्थन वा विरोध करणे हा या लेखाचा विषय नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की स्पष्ट करणे आणि बदलणे यांतली सीमारेषा पुसली, की वाचणारा पुढच्या खऱ्या स्पष्टीकरणाकडेही संशयाने पाहू लागतो.

आता एक प्रकरण सांगतो. ते मी स्वतः पाहिले आहे. कार्यालयाचे नाव सांगत नाही. पूर्वेकडील एका राज्यातले केंद्रीय कार्यालय, एवढे पुरे. मी तिथे २०१८मध्ये बदलून गेलो.

आधी नियम समजून घ्या. सेवेत असताना केंद्रीय कर्मचारी वारला तर त्याच्या कुटुंबाला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन पहिली काही वर्षे वाढीव दराने, म्हणजे शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के, आणि त्यानंतर सर्वसाधारण दराने, म्हणजे ३० टक्के मिळते. ही वाढीव दराची मुदत पूर्वी सात वर्षे होती. सहाव्या वेतन आयोगानंतर, सप्टेंबर २००८च्या कार्यालयीन ज्ञापनाने, सेवेतील मृत्यूसाठी ती दहा वर्षे झाली; १ जानेवारी २००६पासून.

त्या कार्यालयातला एक चतुर्थ श्रेणी कर्मचारी जुलै २०१०मध्ये सेवेत असताना वारला होता. त्याच्या पत्नीचे निवृत्तिवेतन जुलै २०१७नंतर अचानक उतरले. पाच भागांतले दोन भाग गेले. तिने ओडिया भाषेत अर्ज केला. शेजारच्या वसाहतीतल्या, दुसऱ्या कार्यालयाच्या एका विधवेला दहा वर्षे वाढीव दर मिळतो आहे, मग मला सातच का, एवढाच प्रश्न होता. उत्तर गेले : संगणकप्रणाली २००८च्या आदेशानुसार अद्ययावत असून गणना बरोबर आहे. तिने पुन्हा लिहिले. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या अर्जात तिने बोटांवर मोजावी तशी दहाही वर्षे एकाखाली एक लिहून काढली होती, आणि शेवटी एक ओळ होती की धाकट्या मुलीचे परिचारिका प्रशिक्षण यंदा थांबवले आहे. चौथा अर्ज माझ्यासमोर आला.

फाईलवर प्रणाली अद्ययावत असल्याचा पुरावा लावलेला होता. २००८च्या ज्ञापनानंतर, बदल झाला आहे याची खातरजमा म्हणून आज्ञावलीचे ते पान छापून घेतले होते. वरची टीप लाल शाईने अधोरेखित केलेली : 'सेवेत मृत्यू झाल्यास वाढीव दर १० वर्षे, २००८च्या ज्ञापनानुसार.' पानाच्या कडेला पाच सह्या. नंतरच्या तपासणी अहवालातही याच पानाचा हवाला.

मी कक्ष अधिकाऱ्यांना विनंती केली की संगणकाला क्षणभर बाजूला ठेवा आणि हे एक प्रकरण कागदावर हाताने काढून आणा. ते पंधरा मिनिटांत आले. कागदावर २०२० होते. प्रणालीत २०१७. मग कंत्राटावरच्या तरुण प्रोग्रॅमरला बोलावले. तो दोन वर्षांपूर्वी रुजू झालेला, म्हणजे यात त्याचा काहीच संबंध नव्हता. त्याने ते छापील पान हातात घेतले आणि आमच्यापैकी कोणीही न केलेली गोष्ट केली. लाल शाईखालचा भाग वाचला.

"सर, टीप बरोबर आहे," तो म्हणाला.

"आणि खालचे?"

"खाली ८४ आहे, सर. ८४ महिने."

८४ महिने म्हणजे सात वर्षे. आकडा त्याच पानावर, अधोरेखित ओळीपासून तीन ओळी खाली, दहा वर्षे उघडा पडलेला होता. २००८मध्ये ज्याला बदल करायला सांगितले त्याने टीप बदलली. आकडा बदलायचा त्याचा विचार असेल, दुसरे काम आले असेल, किंवा आकडा वेगळ्या ठिकाणाहून येतो असा त्याचा समज असेल; ते कळायला मार्ग नव्हता. पण पाच सह्या करणाऱ्यांना त्याने फसवले असे मी म्हणणार नाही. त्यांनी मराठीत म्हणा, इंग्रजीत म्हणा, माणसांच्या भाषेतले वाक्य तपासले आणि ते वाक्य खरोखरच अचूक होते. पैसे मात्र आकड्याप्रमाणे जात होते.

आकडा १२० झाला. त्या बाईंची थकबाकी निघाली, आणि शोध घेतल्यावर तशाच आणखी काही कुटुंबांची निघाली. त्यांतल्या कोणी अर्ज केलेला नव्हता. सरकारने कमी केले म्हणजे नियम तसाच असणार, असे त्यांनी धरून चालले होते. मुलीचे प्रशिक्षण पुढच्या वर्षी सुरू झाले. मधले वर्ष थकबाकीच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

या प्रकरणात दोषी कोण हे शोधण्यापेक्षा, असे पुन्हा पुन्हा का होते हे समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते. उत्तर बरेचसे अर्थशास्त्राचे आहे. आज्ञा चुकली तर कुठेतरी काहीतरी अडते, कोणीतरी ओरडते. टीप चुकली तर काहीच अडत नाही. टीप दुरुस्त करण्याचा खर्च आजच्या लिहिणाऱ्याला, लाभ मात्र पाच वर्षांनी येणाऱ्या अनोळखी वाचणाऱ्याला. जिथे खर्च एकाचा आणि लाभ दुसऱ्याचा, तिथे ती वस्तू कमीच निर्माण होणार. आणि जिथे टीप तपासणे स्वस्त आणि आज्ञा तपासणे महाग, तिथे तपासनीस टीपच तपासणार. तोही वाईट माणूस नसतो. त्याच्याकडे दिवसाला चाळीस फायली असतात.

यापुढची पायरी जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७०च्या निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराच्या निमित्ताने दाखवली आहे; २००१मध्ये त्यांना मिळालेल्या नोबेलमागे हाच विचार होता. चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे ग्राहकाला ओळखता येत नसेल, तर तो सर्वच गाड्यांना सरासरी भाव देतो. मग चांगली गाडी असलेला बाजारात येईनासा होतो. टिपांचेही तसेच. चारदा फसलेला प्रोग्रॅमर टीप वाचणेच सोडतो. टीप आणि आज्ञा यांचे जमत नसेल तर दोन्ही चुकीचे समजावे, असे त्यांच्यात गमतीने म्हणतात. कोणी वाचतच नाही म्हटल्यावर मन लावून टीप लिहिणाराही लिहिणे सोडतो. आपल्या परिपत्रकांचे, कार्यालयांच्या भिंतींवर लावलेल्या नागरिकांच्या सनदांचे हेच झालेले नाही का? फलकावर 'सात दिवसांत' असे लिहिलेले असते आणि रांगेतला माणूस फलकाकडे न पाहता शेजाऱ्याला विचारतो, "किती महिने लागतात हो?"

अलीकडे यात एक नवी भर पडली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता आज्ञाही लिहितात आणि टिपाही. आणि टिपा व्याकरणशुद्ध, सुबक असतात. अशा साधनाला ते पान दाखवले असते तर त्याने कदाचित ८४ वाचून 'सात वर्षे' अशी टीप लिहिली असती, आणि ती आज्ञेशी तंतोतंत जुळली असती. म्हणजे टीप आणि आज्ञा यांचे जुळणे हीसुद्धा शेवटची कसोटी नव्हे. दहा का, हे ज्ञापनाला ठाऊक होते. सात का नव्हे, हे त्या बाईंना ठाऊक होते. यंत्रासमोर दोन्ही नव्हते.

मग करावे काय? जाणकार प्रोग्रॅमर सांगतात की आज्ञा काय करते हे टिपेत लिहू नये, ते आज्ञेतच दिसते; का करते ते लिहावे : कोणता नियम, कोणती तारीख, कोणाचा निर्णय. दुसरे, आज्ञा आणि टीप एकाच हाताने, एकाच वेळी बदलावी, आणि तपासणाऱ्याने दोन्ही वाचल्याशिवाय सही करू नये. तिसरा उपाय मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो आपल्या कायद्याच्या परंपरेतही आहे. पायथॉन या संगणकभाषेत २००१पासून अशी सोय आहे की टिपेत सोडवलेले उदाहरण लिहायचे, 'हे दिले तर हे उत्तर यावे' असे. आणि यंत्राला सांगितले की ते ते उदाहरण स्वतः सोडवून पाहते. उत्तर जुळले नाही तर तिथेच सांगते. म्हणजे यंत्र जी वाचू शकते अशी टीप. मेकॉलेने १८३७मध्ये भारतीय दंडसंहितेचा मसुदा तयार केला तेव्हा कलमाखाली 'अ' आणि 'ब' यांची उदाहरणे घालण्याची पद्धत वापरली. १८६०ची दंडसंहिता, १८७२चा करार कायदा आणि त्याच वर्षीचा पुरावा कायदा याच पद्धतीने लिहिले गेले, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेतही ती उदाहरणे आहेत. नियम काय म्हणतो हे सांगण्यापेक्षा, या माणसाच्या बाबतीत नियमाने काय होईल हे सांगणे अधिक कठीण असते. म्हणूनच ते अधिक खरे राहते.

त्या कार्यालयातून माझी बदली झाली तोवर आम्ही एवढे करून ठेवले होते. निवृत्तिवेतनाच्या प्रत्येक नियमाला हाताने सोडवलेली तीन उदाहरणे जोडली, तारखा आणि रकमांसह. प्रणालीत कोणताही बदल झाला की ती उदाहरणे यंत्राकडून पुन्हा सोडवून घ्यायची, आणि फाईलवर लावायचे ते त्या उत्तरांचे पान; आज्ञावलीचे नव्हे. पहिल्या उदाहरणात मृत्यूची तारीख जुलै २०१०मधली आहे आणि उत्तर जुलै २०२०. नव्याने येणाऱ्या कर्मचाऱ्याला ही तारीखच का, असा प्रश्न पडेल. त्याचे कारण उदाहरणाखाली दोन ओळींत लिहून ठेवले आहे.